अबोल्याचा दाखला

मदत-खिडकीसमोरच्या बाकावर चार जण बसले होते आणि भिंगरी उभी होती. बाकावर जागा नव्हती असं नाही. तिला बसवतच नाही. लहानपणी बापाने ठेवलेलं हे नाव कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत तिला चिकटून राहिलंय, ते काही उगाच नाही. भूमापनाचा अभ्यासक्रमसुद्धा तिने याच हिशोबाने निवडला. खांद्यावर मोजणीच्या यंत्राची तिपाई, हातात टेप आणि दिवसभर पायपीट. दुसऱ्या कुणाला हा जाच वाटेल, भिंगरीला ही चंगळ वाटते. ही पोरगी जमीन मोजत नाही, तुडवते, असं तिचे सर म्हणतात.

पण त्या सकाळची चुळबूळ वेगळी होती. तिच्या हातात पत्र होतं आणि पत्रात एकच ओळ होती: आर्थिक मदतीच्या पडताळणीसाठी समक्ष भेटावे. ही मदत होती म्हणून भिंगरी कॉलेजात होती. फी, पुस्तकं आणि शेवटच्या वर्षातल्या आठ आठवड्यांच्या मोजणी-शिबिराचा खर्च, सगळं त्यातून निघणार होतं. शिबिर केलं नाही तर पदवी नाही. म्हणजे मदत अडली की शिबिर अडलं, आणि शिबिर अडलं की आधीची दोन वर्षं पाण्यात.

बरं, हिच्याकडून कसूर व्हावी तर तीही नाही. मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या जबाबदाऱ्या, असं एक पत्रक पहिल्याच दिवशी मिळालं होतं. ते तिने कपाटाच्या दाराला आतून डकवलं होतं. पंचाहत्तर टक्के हजेरी. कुठल्याही विषयात नापास न होणं. न विचारता विषय सोडायचा नाही. घरच्या परिस्थितीत बदल झाला तर पंधरा दिवसांत कळवायचं. अंगात ताप असताना ही बया वर्गात जाऊन बसली होती, हजेरी बुडू नये म्हणून. असल्या मुलीला पडताळणीचं पत्र यावं याचा तिला रागच आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती.

खिडकीपलीकडच्या बाईंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हे विजेचं बिल. आईच्या नावावर."

"हो."

"हा भाडेकरार. हा कोणाच्या नावावर?"

"बाबांच्या."

"पत्ता एकच दिसतोय."

"एकाच घरात राहतो ना, मॅडम."

"मग फॉर्मात घरातली माणसं दोनच कशी? तू आणि आई?"

"बाबा दुसऱ्या फॉर्मात आहेत," भिंगरी म्हणाली. जणू प्रत्येक घरात दोन फॉर्म असतातच.

बाईंनी चष्मा वर केला. भिंगरीने पिशवीतून दुमडलेला कागद काढून खिडकीतून आत सरकवला. फॉर्म पहिल्या वर्षाचा होता. घरातल्या माणसांच्या रकान्यात ती आणि बाबा. खाली बाबांची सही. आणि कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं: एका विद्यार्थ्याचा एकच अर्ज घेतला जाईल, हा परत.

"हे अक्षर माझंच आहे," बाई म्हणाल्या, जरा खालच्या आवाजात.

"हो. तुम्हीच परत दिला होता. म्हणून पुढच्या वर्षीपासून एकच भरला. आईचा."

आता हे घर कसलं, ते सांगायला हवं. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दोघंही कामात चोख, स्वभावाने सरळ, आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोललेली नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत बाबा, आतल्या खोलीत आई आणि भिंगरी, मध्ये स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावरही वेळा वाटून घेतलेल्या.

अबोला धरला तो आईने, आणि कारण साधं नव्हतं. भिंगरी नऊ वर्षांची असताना आई डोळे तपासण्याच्या परीक्षेला बसणार होती. पास झाली असती तर काचा घासायच्या टेबलावरून उठून तपासणीच्या खुर्चीशेजारी उभी राहिली असती. परीक्षेच्या दिवशी भिंगरीला ताप चढला. बाबा दहापर्यंत येतो म्हणाले आणि दोनला आले. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत तीन माणसं होती, सोडून येणार कसे? आईने ते ऐकून घेतलं. मग बाबांनी हातपाय धुतले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं, पुढच्या वर्षी देशील." पुढच्या वर्षी वयाची अट आडवी आली. एवढं एक वाक्य त्या माणसाने गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही गिळलं.

तेव्हापासून भिंगरी त्या घराचं टपाल. "तुझ्या बाबांना सांग, सिलिंडर संपत आलाय." "तुझ्या आईला सांग, उद्या मला उशीर होईल." निरोप जसाच्या तसा पोचवायचा, त्यात आपलं मीठमिरची घालायचं नाही, हे तिला नवव्या वर्षी कळलं, आणि तिने कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. शाळेचा कुठलाही कागद आला की त्याच्या दोन प्रती. आईच्या कागदावर बाबांचं नाव आलेलं आईला चालायचं नाही, आणि बाबा म्हणायचे, तिच्या कागदात मला कशाला घालतेस. शाळेतल्या बाईंना हे तोंडपाठ झालं होतं. कॉलेजच्या खिडकीला कुठून ठाऊक असणार!

खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकलं. हसू आवरायला त्यांना बरेच कष्ट पडले, पण आवरलं.

"हे बघ, मागच्या दोन वर्षांचं मी समितीला समजावते. तुझा फॉर्म आम्हीच परत केला होता, त्यामुळे तुझ्यावर लपवाछपवीचा ठपका येणार नाही. पण यंदाचं काय? एका घरात राहतात म्हटल्यावर दोघांचा पगार धरावा लागतो. दोघांचा धरला की तू पूर्ण मदतीतून निघतेस. अर्धी मिळेल."

"अर्ध्यात फी भागेल. शिबिर नाही भागणार."

"ठाऊक आहे मला."

"पण ते बोलतच नाहीत, मॅडम! अकरा वर्षं. एक चमचासुद्धा सामायिक नाही. बाबांचा पगार भाड्यात आणि काकांकडे असलेल्या आजीच्या औषधांत जातो."

"अगं, वेगळे राहत असतील तर पत्त्याचा पुरावा लागतो. न बोलण्याचा पुरावा कुठून आणणार? अबोल्याचा दाखला देतं का कुठलं ऑफिस?" मग त्यांना तिची दया आली असावी. "पंधरा दिवस आहेत. जे खरं असेल ते लिहून आण. जे खरं असेल तेच."

भिंगरी घरी चालत आली. बसने वीस मिनिटं लागतात, पण बसमध्ये बसावं लागतं.

निरोप दोन ठिकाणी द्यायचा होता. आई काच पुसल्यासारखा ओटा पुसत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. "म्हणजे मी त्यांच्याशी बोलत नाही हे कोणी मानणारच नाही?" असं म्हणून ती पुन्हा पुसायला लागली, मघापेक्षा जोरात. बाबा बाहेरच्या खोलीत हत्यारांच्या पिशवीत पाने लावत होते. त्यांनी एकच विचारलं, "शिबिर बुडलं तर काय होतं?"

"पदवी नाही."

"परीक्षा?"

"शिबिर नाही तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही."

बाबांनी पिशवीची चेन लावली. 

चौथ्या दिवशी भिंगरी कॉलेजातून आली तर बाहेरची खोली रिकामी. कपडे नाहीत, दाढीचं सामान नाही. टेबलावर एक पत्र होतं, गावातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या व्यवस्थापकाचं: सदर मेकॅनिक आमच्या इमारतीच्या गच्चीवरील खोलीत राहत आहेत. खाली शिक्का. आणि त्यावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: तुझ्या आईला सांग, माझी सोय झाली आहे. फॉर्म भरून टाक.

तिने भरला. घरातली माणसं, दोन. आता ते खरं होतं, शिक्क्यानिशी खरं होतं. आठवड्याभरात पूर्ण मदत मंजूर झाल्याचं पत्र आलं. वर्गातल्या मैत्रिणींनी तिला उचलून घेतलं, आणि ती हसली, पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

खरी गंमत पुढे. बाबा घरात असताना आईचे निरोप दिवसाला दोन, फार तर तीन. बाबा गेले आणि तिच्या निरोपांना पूर आला. "त्यांना सांग, नळ गळतोय." "त्यांना सांग, त्यांची छत्री राहिलीय." "त्यांना सांग, बाहेरच्या खोलीचा पंखा आवाज करतो." नसलेल्या माणसाच्या खोलीतला पंखा लावते कशाला, हे विचारायची सोय नव्हती. टपालाची हद्द आता दोन खोल्यांवरून पाऊण तासाच्या चालीवर गेली. भिंगरी रोज जायची, यायची. आईला एका जागी चैन पडेना. ओट्याच्या वेळा आता वाटून घ्यायच्या नव्हत्या, तरी ती बाबांच्या वेळेत ओट्याजवळ जायची नाही. दारात उभी राहायची, मग आत जायची, मग पुन्हा बाहेर. दुकानात तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. वीस वर्षांत पहिली चूक. मालक काही बोलला नाही, त्याचा तिला जास्तच त्रास झाला.

"काय होतंय तुला?" भिंगरीने शेवटी विचारलं.

आई तडकली. "काय व्हायचंय? घर कसं ओकंओकं झालंय! कोणाशी अबोला धरायचा तर समोर माणूस लागतं ना? भिंतीशी अबोला धरू मी?"

भिंगरीला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही दाबून ती चपला घालून निघाली.

बाबांची खोली गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीला अगदी चिकटून. खाली कोणी बटण दाबलं की भिंतीपलीकडे खटका पडायचा, मोटार घरघरायची, आणि जमीन किंचित थरथरायची. बाबा पलंगावर बसायचे, खटका वाजला की उठायचे, कान द्यायचे, पुन्हा बसायचे. झोप कशी लागते, असं तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "लागते की." डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तुझी आई काही म्हणाली?"

"नळ गळतोय म्हणाली. आणि दुकानात काच उलटी बसवली."

"तिने?" बाबा उठून उभे राहिले. "तिच्या हातून?"

"बाबा, घरी चला. मी बघते मदतीचं काहीतरी."

"नाही." त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडे तोंड करून, तिला नव्हे तर बाहेरच्या टाक्यांना सांगावं तसे बोलले, "एक परीक्षा माझ्यामुळे बुडाली. दुसरी नाही बुडू देणार. हे तुझ्या आईला सांगू नकोस."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी न पोचवायचा निरोप दिला होता. भिंगरी चौदा मजले जिन्याने उतरली. नळ, छत्री, पंखा या सगळ्या फापटपसाऱ्यातून जे एक वाक्य जायला हवं होतं, ते हे होतं. आणि त्या माणसाने ते बोलायला अकरा वर्षं लावली, आणि बोलला तेही मुलीशी, पाठ फिरवून. तिला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की रस्त्यात दोनदा ती चुकीच्या वळणावर वळली. गावाचा नकाशा जिने स्वतः काढला होता ती!

घरी येऊन तिने आईला सांगितलं. अक्षरन् अक्षर, 'सांगू नकोस'सकट.

आई खुर्चीत बसली.  तिने तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तरी त्यांना बोलवायचं नाही. मी तोंडाने सांगणार नाही, आणि तूही नाही. एक वर्षाचा प्रश्न आहे. तुझी पदवी होऊ दे आधी. मला काय, सवय होईल."

"होतेय का?"

"होईल म्हटलं ना!" आई ओरडली आणि आतल्या खोलीत गेली.

म्हणजे आता दोन्हीकडून तिच्यासाठीच त्याग चालला होता, आणि त्या त्यागाखाली तिचा जीव गुदमरत होता. कोणी तिला विचारलं होतं का? ज्या फॉर्मसाठी हे सगळं रामायण झालं, तो फॉर्म तिचा होता. सही तिची होती. जबाबदाऱ्यांच्या पत्रकावरही नाव तिचं होतं, आईचं नाही की बाबांचं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच ती तिथे हजर. बदल कळवण्याचा फॉर्म तिने मागून घेतला आणि उभ्याउभ्याच भरला. घरातली माणसं, तीन.

बाईंनी फॉर्म वाचला, मग तारीख वाचली. "हे काय? वडील परत आले, उद्याची तारीख?"

"उद्या येतील."

"अगं, पूर्ण मदत मंजूर झालीय तुझी. कळतंय ना काय करतेस? अर्धी होईल. आणि शिबिर?"

"काम द्या मला, मॅडम. अर्धी मदत असलेल्यांना कॉलेजात काम मिळतं ना? नोटीस वाचलीय मी."

बाईंनी रजिस्टर काढलं. ग्रंथालयातली जागा भरली होती. प्रयोगशाळेतली भरली होती. उरली होती ती मोजणीच्या उपकरणांच्या खोलीतली. आठवड्याला बारा तास, टेबलाशी बसून. कोण तिपाई घेऊन गेलं, कोणी परत आणली, भिंगं पुसली का, एवढंच लिहायचं. "पण शनिवारची मोजणी तुला सोडावी लागेल," बाई म्हणाल्या. "तेव्हा सगळी उपकरणं बाहेर जातात. हजेरीचं नुकसान नाही, ती ऐच्छिक असते."

शनिवारची मोजणी म्हणजे भिंगरीच्या आठवड्यातला एकमेव दिवस, जेव्हा तिला कोणी बस म्हणत नसे. टेकडीपासून नदीपर्यंत नुसतं चालायचं. आता बाकीचे जाणार आणि ही त्यांच्या नावापुढे वेळ लिहिणार, बसून, अख्खं वर्ष. 

"चालेल," ती म्हणाली आणि सही केली.

उरलं होतं ते सगळ्यात अवघड. अकरा वर्षं चोख चाललेल्या टपालाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा बेइमानी केली. गच्चीवर जाऊन तिने बाबांना सांगितलं, "आईने निरोप दिलाय, घरी या." आपल्या कानांना ते इतकं खोटं वाटलं, की ती खाली बघत राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं.  सकाळच्या पाळीनंतर येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्याबरोबर आली. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी, आणि दाराशी येऊन बाबा थांबले. आपल्याच घराच्या दाराशी माणूस पाहुण्यासारखा थांबतो, हे बघवत नाही. आई दारातच होती. तिने आधी बॅग पाहिली, मग भिंगरीला पाहिलं, आणि सगळं तिच्या लक्षात आलं.

"आणि तुझी मदत?" तिने भिंगरीला विचारलं.

"अर्धी झाली. बाकीचं मी कमावणार आहे. कालच सही केलीय. आता ते तुमच्या दोघांच्या हातात नाही."

आईचे ओठ हलले, थांबले. मग तिने मान ताठ केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, मी बोलावलं नव्हतं."

भिंगरीने तोंड उघडायच्या आतच बाबा बोलले. "तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, आणि बोलताना बघत होते आईकडेच, "ते मला कालच कळलं होतं."

 आई दारातून बाजूला झाली आणि बाबा आत आले.